शंभराहून मोठे शहाण्णव

उमेळे,
मंगळवार, ३ फेब्रुवारी २०२६

तीर्थरूप जिजाताईस,

धाकट्या शत्रुघ्नचा नमस्कार. साष्टांग घालणार होतो, पण उजवा गुडघा परवानगी देत नाही. तेव्हा कमरेपर्यंत वाकलो आहे असं समज आणि पाठीत धपाटा घालायचा असेल तर घालून घे.

पत्र बघून म्हणशील, ह्याचा फोन मोडला की काय. फोन धडधाकट आहे. गेल्या दहा दिवसांत मी तुला चौदा वेळा फोन केला. सहा वेळा तू झोपली होतीस, चार वेळा अंघोळीला गेली होतीस, तीनदा देवळात होतीस आणि एकदा भूपेश म्हणाला, आई गच्चीवर आहे. तुमच्या घराला कौलं आहेत. माझ्या भाच्याला खोटं बोलायचा सराव नाही हे बघून मामा म्हणून बरं वाटलं, एवढंच.

इकडे सगळं ठीक. वांगी बरी आली. शेजारच्या वाडीत सात मजली इमारत उभी राहिली, त्यामुळे आपल्या ओटीवर ऊन आता साडेदहाला येतं आणि मीही तेव्हाच उठतो असं वसुंधरा सगळ्यांना सांगते. ती मजेत आहे. जरा जास्तच मजेत आहे, पण त्याबद्दल नंतर.

मी दर शनिवारी कॉम्प्युटरच्या वर्गाला जातो हे तुला ठाऊक आहे. तुलाच काय, सगळ्या गावाला ठाऊक आहे, आणि माघी गणपतीच्या सुकेळ्यांच्या स्पर्धेपासून तर जास्तच. वाचनालयाच्या वरच्या खोलीत आम्ही नऊ निवृत्त माणसं बसतो. शिकवणारी उन्नती चोवीस वर्षांची आहे, नायगावच्या नव्या टॉवरमध्ये राहते. मी एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, पोरं मला बघून भिंतीला चिकटायची, आणि आता ही मुलगी मला सांगते, काका, घाबरू नका, बटण दाबा, काही फुटत नाही.

कॉम्प्युटरला सगळं 'जर, तर, नाहीतर' अशा भाषेत सांगावं लागतं. जर दूध वर आलं तर गॅस बंद कर, नाहीतर वाट बघ. आपल्याला हे उपजत कळतं, त्याला लिहून द्यावं लागतं. उन्नतीने घरी सराव करून आणायला सांगितलं, तेव्हा मी आमच्या जेवणावर एक प्रोग्रॅम लिहिला. जर भाजीत मीठ कमी असेल तर गप्प बस, नाहीतर भाजी छान झाली म्हण. उन्नतीने वाचून विचारलं, काका, आणि मीठ जास्त असेल तर? मी बघितलं, तर खारट भाजी 'नाहीतर'मध्येच पडत होती, म्हणजे तिलाही मी छानच म्हणणार होतो. म्हटलं, बाई, प्रोग्रॅम बरोबर आहे, चौतीस वर्षं आमच्याकडे असंच चाललंय. ती इतकी हसली की खाली वाचनालयात पेपर वाचणारे वर बघायला आले.

आता मुख्य गोष्ट. भूपेशकडून कळलं की होळी झाली की तुमच्या गासच्या वाडीतली राजेळी केळी काढून तिथे क्रिकेटचं टर्फ घालायचं ठरतंय. मी त्याला फैलावर घेणार होतो, तर तो म्हणाला, मामा, मला काय हौस आहे का, आईच बोलते तोडून टाक, मी काय सुकेळी करायची नाहीत आता. ताई, राजेळी गेली की सुकेळी कशाची वाळवणार तू? पपईची?

घाई करू नको एवढंच मागणं आहे. स्पर्धा म्हणजे एका दिवसाची गंमत. यंत्राने लावलेल्या क्रमांकाला काय अर्थ आहे. म्हणजे अर्थ आहे, पण तसा नाही. हे वाक्य मी तीनदा खोडलं आणि चौथ्यांदा तसंच लिहिलं, त्यामुळे ते तसंच वाच.

वसुंधराने नमस्कार सांगितला आहे. म्हणजे मी हे पत्र लिहितोय हे तिला माहीत नाही, पण माहीत असतं तर सांगितला असता.

तुझा,
शत्रुघ्न

---

उमेळे,
मंगळवार, १० फेब्रुवारी २०२६

तीर्थरूप ताई,

नमस्कार. गुडघ्याचं मागच्या पत्रावरून पुढे चालू.

काल भूपेशचा फोन आला. माझ्या पत्राला उमेळ्याहून गासला पोचायला पाच दिवस लागले. रिक्षाने मी पाऊण तासात येतो. तू ते ओटीवर बसून दोनदा वाचलंस, घडी घातलीस आणि म्हणालीस, "शत्रुघ्न समजूत काढतोय माजी. म्हंजे हात खरंच गेला. आता होळीची वाट कोनाला बगायची?" आणि जेसीबीवाल्याला वीस तारीख दिलीस.

म्हणजे केळी वाचवायला मी जे पत्र लिहिलं त्याने केळींचे दहा-बारा दिवस कमी झाले. एकतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या कुठल्याही अर्जावर इतक्या तातडीने कारवाई झाली नव्हती. तेव्हा आता आडवळणं पुरेत, सरळ सांगतो. शक्यतो बसून वाच.

आपल्या मंडळात गुण कधीच जाहीर करत नाहीत, फक्त क्रमांक सांगतात. अर्ध्या गुणावरून दोन घरं एकमेकांच्या लग्नाला जायची थांबली तेव्हापासूनची ही पद्धत. पाच परीक्षक वीसपैकी गुण चिठ्ठीवर लिहितात आणि चंद्रहासकाका कोपऱ्यात पाठ करून बसतात, बेरजा करतात आणि क्रमांक लावतात. इथपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. पण काका आणखी एक गोष्ट करतात, ती कुणालाच माहीत नव्हती; मलाही त्यांनी आत्ता, स्पर्धेनंतर सांगितली. कुणाची बेरीज पुरी शंभर झाली तर ते एक गुण कापतात. पोराच्या गालाला तीट लावतात तशी गुणांना तीट. शंभराला दृष्ट लागते म्हणे. ताई, तुला आजवर चार वेळा नव्याण्णव मिळाले आहेत. ते नव्याण्णव नव्हते.

ह्या वर्षी काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, थेंब घालून बसलेले. मी छाती पुढे काढून म्हणालो, काका, तुम्ही आराम करा, माझा कॉम्प्युटर लावेल क्रमांक, त्याला ना भाऊ ना भावकी. मंडळाला हे फार आवडलं. मी प्रोग्रॅम लिहिला. वरखाली लिहिलेल्या दोन नावांचे गुण ताडून बघ, जर खालच्या नावाचे गुण जास्त असतील तर त्याला वर घे, नाहीतर राहू दे, आणि असं पुन्हा पुन्हा करत जा, कुणाला हलवायचं उरणार नाही तोवर. घरी चाळीस वेळा चालवून बघितला. पंचेचाळीस, सदुसष्ट, ब्याऐंशी, काहीही घाला, बिनचूक. काकांनी मला काहीतरी सांगायला हाक मारली होती, पण मी पडदा ताणण्यात गुंतलो होतो. नंतर सांगा म्हटलं.

पुढचं तू बघितलंस. मी बेरजा टाइप केल्या, बटण दाबलं आणि पडद्यावर बारा नावं आली. पहिली वसुंधरा. बारावी तू.

आता एकतीस तारखेच्या शनिवाराकडे ये. उन्नतीने त्या दिवशी तुलना शिकवायला घेतली, कोणती किंमत मोठी आणि कोणती लहान. तिने यंत्राला विचारलं, नऊ मोठे की दहा? यंत्र म्हणालं, नऊ. आम्ही नऊच्या नऊ जण हसलो. मग ती म्हणाली, "काका, तुम्ही टाइप करता ना, ते त्याला नंबर वाटतच नाही, शब्द वाटतो. हा नंबर आहे असं आपण सांगायचं असतं. नाही सांगितलं तर तो शब्दासारखं कम्पेअर करतो."

शब्दासारखं म्हणजे शाळेच्या हजेरीपटासारखं. पहिलं अक्षर बघायचं, तिथे निकाल लागला की पुढे बघायचंच नाही. शंभराचा पहिला आकडा एक आणि शहाण्णवाचा नऊ. एकापेक्षा नऊ मोठा, झालं, शहाण्णव वर. एकाच्या मागे दोन शून्यं उभी आहेत हे बघायला ते थांबलंच नाही. माझं हसू तिथे बंद झालं. दोन आकडी गुण मिळालेला प्रत्येक जण तुझ्या वर गेला. ज्या सुकेळ्यांना बासष्ट पडले, ज्यांच्यात परीक्षक सँड्रा टीचरांच्या दाताखाली वाळू आली, तीसुद्धा.

तुला शंभर होते, ताई. पाच परीक्षक, पाचही चिठ्ठ्यांवर वीस. सँड्रा टीचरांनी तर वीसच्या खाली दोन रेघा ओढल्या आहेत. चिठ्ठ्या माझ्या खणात आहेत.

मी चाळीस वेळा तपासलं त्यात शंभर एकदाही घातले नव्हते. उभ्या आयुष्यात मी एकाही पोराला शंभर दिले नाहीत, अक्षर, समास, शाईचा डाग असं काहीतरी शोधून कापायचोच, तर सरावाला तरी हात कुठून धजावणार. आणि काकांनी तुझ्या शंभराला तीट लावली असती तरी नव्याण्णव शहाण्णवाच्या वर गेले असते आणि माझा बिघडलेला प्रोग्रॅम बिघडलेलाच सुखाने नांदला असता. पण मी पडलो आधुनिक. तीट काढून टाकली ती मी, आणि दृष्ट लागली तुला.

आता एक विनंती. ही गोष्ट आपल्या दोघांत राहू दे. तू मनातल्या मनात पहिली आलीस असं धर, जेसीबी रद्द कर आणि पुढच्या हिवाळ्यात सुकेळी घाल. वसुंधराला हे कळू नये. बक्षिसाची तांब्याची कळशी तिने टीव्हीशेजारी ठेवली आहे आणि टीव्हीपेक्षा तीच जास्त पुसली जाते. कराडहून लग्न होऊन आली तेव्हा केळं उन्हात घातल्यावर सडत कसं नाही हेच तिला कळेना, तूच तिला हाताला धरून शिकवलंस, आणि तरी चौतीस वर्षं ती गावाला 'मास्तरांची घाटावरची'च राहिली. आता बायका तिला विचारायला येतात, वहिनी, किती उन्हं द्यायची, संध्याकाळी कशात गुंडाळायची. ती खुर्ची देते, चहा देते आणि मग सांगते. तिच्या तोंडावर हे कसं घालू?

आणि माझा तरी काय दोष. यंत्राला अक्कल नाही आणि मला एकतीस तारखेपर्यंत काही माहीत नव्हतं.

तुझा अजाण भाऊ,
शत्रुघ्न

---

उमेळे,
सोमवार, १६ फेब्रुवारी २०२६

ताई,

मागचं पत्र मी रिक्षावाल्याच्या हाती धाडलं होतं, त्याच्याच हाती तुझं पोस्टकार्ड शनिवारी आलं. एवढ्या मोठ्या कार्डावर एकच ओळ, आणि खाली सहीसुद्धा नाही.

"शंभर तुझ्याच बोटांनी घातलेस ना? मग तेव्हा तुला दिसले नव्हते?"

चौथीनंतर तुझी शाळा सुटली आणि गणिताचा मास्तर मी झालो. मी चार पानं भरून यंत्राची अक्कल काढली. तू ती चार पानं वाचलीस आणि त्यात मी जिथे पाय ठेवायचं टाळलं होतं नेमकं तिथे बोट ठेवलंस. मी कार्ड घेऊन परसात गेलो आणि वांग्यांना दोनदा पाणी घातलं. सकाळी एकदा घातलेलंच होतं.

दिसले होते, ताई.

तुझ्या पाच चिठ्ठ्या मीच उघडल्या. पाचव्या चिठ्ठीवरही वीस बघून मी फार खूश झालो होतो. एक, शून्य, शून्य असं मी सावकाश टाइप केलं. वसुंधराचे शहाण्णव टाइप केले तेव्हाही मनात म्हटलं, वा, घरातच पहिली आणि दुसरी. मग बटण दाबलं. पडद्यावर वसुंधरा वर आणि तू सगळ्यांच्या खाली. शंभर मोठे की शहाण्णव हे पहिलीतलं पोर सांगेल, त्याला ना कॉम्प्युटर लागतो ना उन्नती. काहीतरी चुकलंय हे मला त्याच क्षणी कळलं. काय चुकलंय ते एकतीस तारखेला कळलं, एवढाच काय तो फरक, आणि त्या फरकाच्या आड मी लपून बसलो होतो.

मी तोंड उघडणार होतो. पण अध्यक्षांनी पडद्यावरून वाचून तिचं नाव पुकारलंसुद्धा. वसुंधरा उठलीच नाही आधी. तिला वाटलं दुसरी कुणी वसुंधरा असेल. मग तिने मंचाकडे नाही, माझ्याकडे बघितलं, खरंच का, असं. आणि मी मान हलवली.

तेवढंच केलं मी. एकदा मान हलवली.

मग टाळ्या, मग फोटो. मी स्वतःला समजावत होतो, यंत्राने काहीतरी खोल विचार केला असेल, आपल्याला अजून शिकवलेलं नसेल. गणिताचा मास्तर हे स्वतःला समजावत होता. आणि तू गर्दी कमी झाल्यावर पडद्याजवळ आलीस, वरून एकेक नाव वाचत खाली गेलीस, शेवटी पोचलीस आणि मला विचारलंस, "शत्रुघ्न, यंत्र चुकतं का रे?" मी म्हणालो, "नाही ताई, यंत्र चुकत नाही." तू बरं म्हणालीस आणि चप्पल शोधायला लागलीस. दहाएक वर्षं पहिली येणाऱ्या बाईने एक प्रश्नही पुढे विचारला नाही, कारण उत्तर देणारा भाऊ होता. मला ते आजही गिळवत नाही.

शनिवारी जेवताना मी वसुंधराला सगळं सांगितलं. ती भात वाढत होती, वाढत राहिली. मग तिने विचारलं, मला किती होते. म्हटलं, शहाण्णव. ते तरी खरे का, म्हणाली. म्हटलं, खरे. तिने भाताचं पातेलं खाली ठेवलं. मला वाटलं रडेल. ती रडली नाही.

"ताईंच्या मागे दुसरी आले असते तर मी गावभर मिरवले असते," ती म्हणाली. "ज्यांनी शिकवलं त्यांना शेवटी बसवून मला कळशी दिलीत. तुम्ही मला खोटी केलीत."

एवढं बोलून ती बोलायची थांबली, ती आजपर्यंत. म्हणजे बोलते, पण उन्नतीच्या भाषेत. जेवायचं असेल तर वाढून घ्या, नाहीतर झाकून ठेवा. बाहेर जाणार असाल तर दार ओढून घ्या, नाहीतर कडी लावा. मी एकदा विनोदाने म्हटलं की तुला वर्गात घालायला हवं. तिने बघितलं, आणि मी झाकून ठेवायला गेलो.

काल महाशिवरात्रीला संध्याकाळी मंडळाची सभा होती. सगळे उपाशी, त्यामुळे चिडलेले. मी उठून चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या आणि सांगितलं. सगळं सांगितलं, मान हलवल्याचंसुद्धा. मग खजिनदारांनी विचारलं, कॉम्प्युटर गॅरंटीत आहे का. एक जण म्हणाला, यंत्राची चूक आहे, मास्तरांना कशाला मध्ये घेता, तसा ठराव करू. ताई, तो ठराव होऊ द्यायचा मोह मला झाला, खोटं सांगत नाही. पण मी म्हणालो, यंत्राने मला शेवटपर्यंत फसवलं नाही, मला दिसत होतं.

त्यावर चंद्रहासकाका उठले. एका डोळ्याला हिरवी पट्टी, दुसऱ्याने माझ्याकडे बघत त्यांनी तीटेचं गुपित सगळ्यांसमोर फोडलं आणि इतिवृत्तात नव्याण्णव लिहा म्हणाले. मी म्हटलं, काका, ह्या वेळी शंभर लिहू. अर्धा तास त्यावर घमासान झालं, तोवर साबुदाण्याची खिचडी गार झाली. शेवटी शंभर लिहायचं ठरलं, पण काकांनी आतून काजळाची डबी मागवली आणि तीट माझ्या लॅपटॉपच्या झाकणावर लावली. पुसायची नाही अशी ताकीद आहे. त्या काजळासकट शनिवारी वर्गात गेलो की उन्नती काय म्हणेल कोण जाणे.

प्रोग्रॅमची दुरुस्ती मी काल रात्री निजण्याआधी केली. एका शब्दाची आहे. हा आकडा आहे, शब्द नाही, एवढंच सांगायचं. ते मी त्याला दोन मिनिटांत सांगितलं. तुला सांगायला चोवीस दिवस घेतले.

आणि हे पत्र वसुंधरा का घेऊन आली तेही सांगतो. आज पहाटे उठलो तर वसुंधरा बाहेरची साडी नेसून दारात. म्हणाली, ताईंना लिहिलं असेल तर द्या, पोस्टाला पाच दिवस लागतात आणि जेसीबी चार दिवसांवर आलाय. म्हटलं, मी पण येतो. तर म्हणाली, "ताईंनी बोलावलं तर या. नाहीतर इथेच बसा." म्हणून ती उभी असतानाच हे भराभरा लिहितोय. अक्षराला गुण कापायचे तर काप.

तेव्हा हे तुझ्या हातात देणारी बाई तुझ्याकडे माझी माफी मागायला आलेली नाही, ती माझं मला बघायला सांगून निघाली आहे. तिला तुझ्या वाडीत बसायचं आहे. तू जेसीबीला नको म्हणेपर्यंत हलणार नाही म्हणते, आणि ती म्हणते ते करते हे तू चौतीस वर्षं बघितलं आहेस. तिला चहा दे. उपाशी निघाली आहे.

मला बोलावशील की नाही ते तू ठरव, मी फोन करणार नाही. नाही बोलावलंस तरी ते चुकीचं म्हणायचं तोंड मला नाही. पण माझ्यावरचा राग त्या केळींवर काढू नको. मी तुला सांगितलं ते खोटं होतं आणि तू ते खरं मानून स्वतःच्या हातावर विश्वास सोडलास, ह्याच्याइतकं वाईट मी आयुष्यात काही केलेलं नाही. तुझा हात कुठेही गेलेला नाही, ताई. पाच जणांनी एकमेकांना न विचारता ते लिहून दिलं आहे. चिठ्ठ्या सोबत आहेत, चष्मा लावून एकेक बघ, आणि बेरीज तू स्वतः कर. माझ्यावर विसंबू नको.

शंभर डोळ्यांनी पाहून मान हलवणारा
तुझा धाकटा भाऊ,
शत्रुघ्न